एक लॅपटॉप, अनेक कार्यप्रणाली

यंत्र जुने झाले म्हणजे ते निकामी झाले, असे आपण सहसा धरून चालतो. संगणकाच्या बाबतीत ही समजूत नेहमीच खरी ठरत नाही. पुष्कळदा यंत्राचे सर्व भाग धडधाकट असतात. कालबाह्य होते ती त्यावर चालणारी कार्यप्रणाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, तेव्हा हीच परिस्थिती जगभर निर्माण झाली. या तारखेनंतर, मुदतवाढीची वेगळी नोंदणी केलेले संगणक वगळता, या प्रणालीतील सुरक्षाविषयक उणिवा दूर करणाऱ्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. घरगुती वापरासाठी ठेवलेली वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच होती. तिच्या पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. परंतु तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ठरावीक पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षाव्यवस्था लागते. त्यामुळे चांगले चालणारे अनेक लॅपटॉप नव्या प्रणालीस अपात्र ठरले.

शाळेतील संगणक कक्षात किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात असा लॅपटॉप असेल, तर साधारणपणे तीन मार्ग सुचतात. पहिला, तो बाद करून नवा घेणे. यास पैसा लागतो. दुसरा, आहे तसाच वापरत राहणे. यात गावाच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांची माहिती धोक्यात येते. तिसरा, जुनी प्रणाली पुसून निराळी बसविणे. यात जुन्या प्रणालीवरच उघडणारी कागदपत्रे हाताबाहेर जाण्याची भीती असते. या तिन्हींखेरीज एक चौथा मार्ग आहे. तो म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन किंवा अधिक कार्यप्रणाली नांदविणे. हा मार्ग कसा चालतो, कोणाला उपयोगी पडतो आणि तो अवलंबिताना कोणती दक्षता घ्यावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यप्रणालीचे काम

संगणकाचे दोन भाग आपल्याला परिचित आहेत. पडदा, कळफलक, प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क हे त्याचे यंत्रांग. पत्र लिहिण्याचे, हिशेब करण्याचे किंवा संकेतस्थळ पाहण्याचे कार्यक्रम हे त्याचे प्रत्यक्ष काम. या दोहोंच्या मध्ये जी व्यवस्था उभी असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजेच कार्यप्रणाली म्हणतात. कोणत्या कार्यक्रमास प्रोसेसरचा किती वेळ द्यावयाचा, रॅममधील कोणती जागा कोणी वापरावयाची, फाइल डिस्कवर कोठे ठेवावयाची आणि छपाईयंत्राकडे मजकूर कसा पाठवावयाचा, हे सर्व तीच ठरविते. विंडोज, मॅक ओएस आणि लिनक्स ही तिची सुपरिचित नावे होत.

यांपैकी लिनक्सविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये या प्रणालीचा गाभा तयार केला. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला होता. या दोन प्रयत्नांच्या संगमातून उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशा अनेक प्रणाली पुढे आल्या. त्या वापरण्यास, तपासण्यास, बदलण्यास व इतरांना देण्यास मोकळ्या आहेत. आपल्या देशात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय भाषांना सोयीची प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध करून दिली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. केरळ राज्याने तर शालेय संगणक शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअरचाच अंगीकार केला असून तेथील शाळांसाठी लिनक्सवर आधारलेली स्वतंत्र प्रणाली तयार करण्यात येते. सारांश, शालेय व कार्यालयीन कामासाठी विंडोजखेरीज दुसरा पर्याय नाही, असे मानण्याचे कारण नाही.

संगणक सुरू होतो तेव्हा

एका यंत्रावर दोन प्रणाली कशा राहू शकतात, हे समजण्यासाठी कळ दाबल्यानंतरचे पहिले काही क्षण पाहिले पाहिजेत. कळ दाबताच कार्यप्रणाली लगेच सुरू होत नाही. प्रथम यंत्राच्या मुख्य फलकावरील चिपमध्ये कायमचा बसविलेला एक छोटा कार्यक्रम जागा होतो. तो यंत्राची तपासणी करतो आणि मग डिस्कवरील कार्यप्रणाली शोधून तिच्या हाती सूत्रे देतो. म्हणजे यंत्र आणि प्रणाली यांची गाठ जन्मजात नसते. ती प्रत्येक वेळी नव्याने घातली जाते. दोन प्रणालींना वाव मिळतो तो याच ठिकाणी.

जुन्या संगणकांत या आरंभीच्या कार्यक्रमास ‘बायोस’ म्हणत. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचीत असे. त्या तुकड्यातच डिस्कचे विभाग दाखविणारा तक्ता असे आणि त्यात मुख्य विभागांसाठी केवळ चार ओळी असत. अलीकडील संगणकांत ‘यूईएफआय’ ही सुधारलेली पद्धत आली. तीत डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र विभाग राखून ठेवलेला असतो आणि प्रत्येक कार्यप्रणाली आपला आरंभक, म्हणजे बूटलोडर, त्या विभागातील आपापल्या कप्प्यात ठेवते. त्यामुळे दोन प्रणाली एकमेकींच्या वाटेत फारशा येत नाहीत. मात्र हा लहान विभाग चुकून पुसला गेला, तर दोन्ही प्रणालींचे दार एकदमच बंद होते, हे ध्यानात ठेवावे.

कल्पना जुनीच

एका यंत्रावर अनेक प्रणाली चालविण्याची कल्पना लॅपटॉपच्या कितीतरी आधीची आहे. १९६० नंतरच्या दशकात संगणक अवाढव्य व महागडे होते. ते अनेकांना एकाच वेळी वापरता यावेत, यासाठी आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात प्रयोग झाले. एकाच महासंगणकाचे अनेक ‘आभासी संगणक’ भासवावयाचे आणि प्रत्येकास स्वतंत्र कार्यप्रणाली चालविता यावी, अशी ही योजना होती. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने ती ग्राहकांना देण्यात आली.

वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसरची रचना मात्र या कामास अनुकूल नव्हती. १९९९ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने युक्तीने ही अडचण ओलांडली. पुढे २००५ व २००६ मध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. परिणामी, एके काळी मोठ्या संस्थांनाच परवडणारी गोष्ट आज शाळेच्या टेबलावरील लॅपटॉपवर करता येते.

तीन पद्धती

एका लॅपटॉपवर अनेक प्रणाली वापरण्याच्या प्रमुख पद्धती तीन आहेत. नित्याच्या उदाहरणांनी त्या सहज समजतील.

पहिली पद्धत पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालविण्याची आहे. पाहुणा स्वतःचे अंथरूण-पांघरूण घेऊन यावा, एक रात्र राहावा आणि सकाळी निघून जावा, तशी ही रीत आहे. लिनक्सच्या बहुतेक प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून घेता येतात. त्यावरून संगणक सुरू केला असता प्रणाली रॅममध्ये चालते आणि आपण स्वतः आज्ञा दिल्याखेरीज हार्ड डिस्कवर काही बदलत नाही. वेग कमी असतो आणि संगणक बंद केल्यावर केलेले काम सहसा टिकत नाही. परंतु पडदा, वाय-फाय, ध्वनी व छपाईयंत्र नव्या प्रणालीवर नीट चालतात की नाही, हे कोणताही धोका न पत्करता पाहण्याचा हा उत्तम मार्ग आहे.

दुसरी पद्धत दुहेरी आरंभाची, म्हणजेच ‘ड्युअल बूट’ची. एकाच इमारतीत सकाळच्या सत्रात एक शाळा आणि दुपारच्या सत्रात दुसरी शाळा भरते, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. बाके तीच, फळा तोच, पटांगण तेच. पण दोन्ही शाळा एकाच वेळी भरत नाहीत आणि प्रत्येकीचे दप्तर आपापल्या कपाटात असते. दुहेरी आरंभात हार्ड डिस्कचे विभाग पाडून प्रत्येक प्रणालीस स्वतंत्र विभाग देतात. संगणक सुरू होताना पडद्यावर यादी येते व तीतून हवी ती प्रणाली निवडावी लागते. निवडलेल्या प्रणालीस संपूर्ण रॅम व प्रोसेसर मिळतो. म्हणून कमी शक्तीच्या जुन्या लॅपटॉपला हीच पद्धत मानवते. गैरसोय एवढीच की, एका प्रणालीतून दुसरीत जाण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

तिसरी पद्धत आभासी यंत्राची आहे. घरमालकाने आपल्याच घरातील एक खोली भाडेकरूला द्यावी, तसा हा प्रकार. मूळ प्रणाली चालू असतानाच तिच्या आत एका चौकटीत दुसरी प्रणाली चालते. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि केव्हीएम ही त्यासाठीची प्रचलित साधने आहेत. आतल्या प्रणालीची संपूर्ण डिस्क बाहेरच्या प्रणालीला केवळ एक मोठी फाइल म्हणून दिसते. तिची प्रत काढून ठेवली की काही बिघडल्यास पूर्वस्थितीवर येणे सोपे जाते. मात्र घर तेवढेच आणि माणसे वाढलेली, अशी स्थिती असल्यामुळे रॅम दोघांत वाटली जाते. ८ जीबी रॅम असेल, तर आतल्या प्रणालीस तीन-चार जीबी देऊन काम भागते. ४ जीबी रॅमवर दोघांचीही ओढाताण होते. आतल्या प्रणालीसाठी विंडोज वापरावयाची असल्यास तिचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो, ही गोष्टही विसरू नये.

या तिन्हींपैकी निवड कशी करावी? केवळ ओळख करून घ्यावयाची असेल, तर पेन ड्राइव्ह पुरे. संगणक जुना असून रोजचे काम दोन्ही प्रणालींवर करावयाचे असेल, तर दुहेरी आरंभ योग्य. संगणक सशक्त असून एखाद्या जुन्या कार्यक्रमाची अधूनमधून गरज पडत असेल, अथवा विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी मोकळीक द्यावयाची असेल, तर आभासी यंत्र सर्वांत सुरक्षित. ॲपलच्या लॅपटॉपविषयी एक भेद लक्षात घ्यावा. इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकवर विंडोज बसविण्यासाठी २००६ पासून ‘बूट कॅम्प’ ही सोय होती. २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर ती नाही.

जुन्या मराठी मजकुराचा प्रश्न

आपल्याकडील कार्यालयांच्या दृष्टीने दोन प्रणाली ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण जुना मराठी मजकूर हे आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला. तथापि ती रोजच्या वापरात येण्यास बराच काळ जावा लागला. तोपर्यंत मराठी टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या व संस्थांच्या फॉन्टमध्ये होत असे. त्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. पडद्यावर मराठी दिसे. फाइलमध्ये साठत ती मात्र रोमन अक्षरांची खूणच. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली, तर ग्रामसभेच्या ठरावाच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग दिसते.

असा फॉन्ट लिनक्सवर बसविल्यास मजकूर वाचता येऊ शकतो. पण टंकलेखन व दुरुस्ती करणारे सोबतचे सॉफ्टवेअर पुष्कळदा विंडोजसाठीच तयार केलेले असते. म्हणूनच जुनी प्रणाली घाईने पुसून टाकणे म्हणजे जुन्या दप्तराच्या खोलीची किल्ली फेकून देणे होय. दुहेरी आरंभात ही किल्ली जपता येते. जुनी विंडोज प्रणाली इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या फाइली उघडण्यासाठी ठेवावी. ई-मेल, संकेतस्थळे व ऑनलाइन कामे नियमित दुरुस्त्या मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीवरून करावीत. जुन्या नोंदींसाठी जुनी प्रणाली आणि बाहेरच्या जगाशी व्यवहारासाठी नवी, हे साधे सूत्र आहे.

परंतु ही कायमची व्यवस्था समजू नये. दुहेरी आरंभाने जुनी प्रणाली सुरक्षित होत नाही. ती केवळ बाजूला ठेवता येते. या मिळालेल्या अवधीत जुन्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. कारण चुका नेमक्या तेथेच राहतात. टंकलेखकांनी नव्या प्रणालीला भिण्याचे कारण नाही. भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये मान्य झालेला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्हींत उपलब्ध आहे. एकदा बोटे त्यावर बसली की प्रणाली बदलली तरी हात बदलावा लागत नाही.

काम हाती घेण्यापूर्वी

डिस्कचे विभाग पाडणे हे जमिनीच्या मोजणीसारखे काम आहे. खुणा चुकल्या तर नुकसान मोठे होते. म्हणून पुढील गोष्टी आधीच पूर्ण कराव्यात.

सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच. शक्य असल्यास दोन प्रती काढून त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा तत्सम कूटबंदी चालू आहे काय, ते पाहावे. अनेक लॅपटॉपवर ती मालकाच्या नकळत चालू असते. आरंभाच्या रचनेत बदल होताच असा संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो. ती हाताशी नसेल, तर फाइली समोर असूनही त्या उघडता येत नाहीत. ही किल्ली आधीच कागदावर उतरवून कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि काम चालू असेपर्यंत कूटबंदी स्थगित करावी.

विंडोज ८ पासून आलेली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. तिच्यामुळे संगणक बंद केल्यासारखा दिसला, तरी विंडोज अर्धवट निद्रेत राहते. अशा स्थितीत लिनक्समधून विंडोजच्या विभागात लेखन झाले, तर फाइली बिघडू शकतात.

निवडलेली लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून दोन-चार दिवस वापरून पाहावी. छपाईयंत्र, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे उपकरण आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांची चाचणी विशेष काळजीने करावी. संकेतस्थळे बहुधा कोणत्याही प्रणालीवर उघडतात; अडचण येते ती अशा जोडउपकरणांच्या सॉफ्टवेअरची. ज्या उपकरणाचे काम लिनक्सवर होत नाही, त्यासाठी आधार चालू असलेली विंडोज प्रणाली असलेला दुसरा संगणक नेमून द्यावा.

प्रत्यक्ष मांडणी

समजा, एका लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची आहे. निर्माता हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने. त्यामुळे तीच डिस्क पडद्यावर सुमारे २३८ जीबी दिसते. यांतील ११० जीबी विंडोजसाठी, ५० जीबी लिनक्ससाठी आणि उरलेल्यातील सुमारे ७५ जीबी दोहोंच्या सामाईक फाइलींसाठी, अशी विभागणी करता येईल. सामाईक विभाग ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ पद्धतीचा असावा. कारण लिनक्स या दोन्ही पद्धती वाचू शकते, तर लिनक्सची ‘ईएक्सटी-४’ ही पद्धत विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही.

क्रम असा ठेवावा. विंडोज आधीपासून असेल, तर तिच्यातीलच ‘डिस्क मॅनेजमेंट’ या साधनाने तिचा विभाग आक्रसून जागा मोकळी करावी. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्सची स्थापना सुरू करावी व ती मोकळ्या जागेतच करावी. स्थापनेच्या वेळी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ असा एक पर्याय समोर येतो. नजरचुकीने तो निवडल्यास सर्व काही जाते. दोन्ही प्रणाली एकाच आरंभपद्धतीच्या असाव्यात, म्हणजे विंडोज यूईएफआयवर असेल तर लिनक्सही यूईएफआयवरच बसवावी. दोन्ही प्रणाली नव्याने बसवावयाच्या असतील, तर विंडोज प्रथम व लिनक्स नंतर, हा क्रम सोयीचा. लिनक्ससोबत येणारा ‘ग्रब’ हा आरंभक विंडोजची दखल घेऊन तिला यादीत स्थान देऊ शकतो. विंडोजचा आरंभक लिनक्सची दखल घेत नाही.

नेहमीच्या अडचणी

दोन प्रणाली बसविल्यानंतर अनेकांना पहिला धक्का घड्याळाचा बसतो. विंडोज संगणकातील घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणे लावते. लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे आहे असे समजते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे सकाळी ११ वाजता विंडोजमधून लिनक्समध्ये आल्यास घड्याळ दुपारचे साडेचार दाखवू शकते. लिनक्सने ते इंटरनेटवरून दुरुस्त केले, की विंडोजमध्ये परतल्यावर पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतात. ही केवळ गमतीची बाब नाही. चुकलेल्या वेळेमुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देऊ शकतात आणि फाइलींवर चुकीची वेळ नोंदली जाते. लिनक्सला स्थानिक वेळेचे घड्याळ पाळण्याची एकदाच सूचना दिली की हा घोळ मिटतो.

दुसरी अडचण अद्ययावतीकरणाची. विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर आरंभाचा क्रम बदलून लिनक्सची यादी दिसेनाशी होण्याचा संभव असतो. अशा वेळी लिनक्स नाहीशी झालेली नसते. यूईएफआयच्या मांडणीत जाऊन क्रम पूर्ववत करावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीमुळे दुहेरी आरंभाच्या अनेक संगणकांवर, सिक्युअर बूट चालू असताना, लिनक्स सुरू होईनाशी झाली होती. म्हणून लिनक्सचा स्थापना-पेन ड्राइव्ह फेकून न देता जपून ठेवावा. बिघाडाच्या वेळी संगणक सुरू करून फाइली काढून घेण्यास तोच उपयोगी पडतो.

तिसरी चूक लिनक्स काढून टाकताना घडते. आरंभक आधी पूर्ववत न करता केवळ लिनक्सचा विभाग पुसला, तर विंडोज शाबूत असूनही संगणक सुरू होताना अडून बसतो. आत येण्याचा क्रम जसा महत्त्वाचा, तसाच बाहेर जाण्याचाही.

आणि शेवटची गोष्ट. दोन प्रणाली असल्या तरी डिस्क एकच असते. ती बिघडली तर दोन्ही प्रणाली एकाच वेळी जातात. दुसरी प्रणाली ही पहिलीची राखीव प्रत नव्हे.

कार्यालयीन शिस्त

शासकीय संगणक ही कोणा एकाची खासगी मालमत्ता नसते. त्यामुळे असा बदल उत्साहाच्या भरात करू नये. कार्यालयप्रमुखांची लेखी अनुमती घ्यावी. संगणक हमीच्या मुदतीत अथवा वार्षिक देखभाल कराराखाली असेल, तर संबंधित पुरवठादारास आधी कळवावे. वरिष्ठ कार्यालयाचे संगणक-सुरक्षेविषयी आदेश असतील, तर ते पाहूनच पुढे जावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राची नोंद असते, पण त्यावर कोणत्या प्रणाली आहेत, कोणत्या विभागात कोणती कागदपत्रे आहेत, परवलीचे शब्द कोणाकडे आहेत, याची नोंद सहसा कोठेच नसते. संगणक परिचालक बदलला वा शिक्षकांची बदली झाली, की नवा माणूस अंधारात चाचपडतो. याकरिता एक पानाचे टिपण तयार करून ते कार्यालयात ठेवावे. परवलीचे शब्द मात्र त्या टिपणात न लिहिता मोहरबंद पाकिटात ठेवावेत. रोजच्या वापरासाठी साधे खाते आणि बदलांसाठी वेगळे प्रशासक खाते, हा भेद दोन्ही प्रणालींत पाळावा.

शाळांना यातून आणखी एक लाभ आहे. संगणक म्हणजे विंडोजच, अशी समजूत घेऊन विद्यार्थी बाहेर पडला, तर त्याचे ज्ञान एका कंपनीच्या चिन्हांपुरते राहते. एकाच यंत्रावर दोन प्रणाली पाहिल्या, की फाइल, विभाग, आरंभ व परवानगी या मूळ कल्पना त्याच्या ध्यानी येतात. कोणते चिन्ह कोठे आहे हे पाठ करण्यापेक्षा यंत्र कसे चालते हे समजणे अधिक मोलाचे आहे, आणि त्यासाठी निराळा खर्च येत नाही.

समारोप

एकाच लॅपटॉपवर अनेक कार्यप्रणाली चालविणे हा काही चमत्कार नव्हे, तसा तो प्रत्येकाने केलाच पाहिजे असा प्रयोगही नव्हे. ज्यांचा संगणक नव्या प्रणालीस योग्य आहे आणि ज्यांच्यापाशी जुन्या फाइलींचे ओझे नाही, त्यांना एकच प्रणाली पुरेशी आहे. परंतु धडधाकट यंत्र भंगारात जाऊ नये, जुन्या नोंदी वाचता याव्यात आणि गावाची माहितीही सुरक्षित राहावी, ही तिन्ही प्रयोजने एकत्र साधावयाची असतील, तर हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.

यंत्रे येतील आणि जातील. प्रणालीही बदलत राहतील. ग्रामसभेचा ठराव, कर आकारणीची नोंद, विद्यार्थ्याच्या जन्मतारखेचा दाखला यांचे मोल मात्र पन्नास वर्षांनंतरही कमी होत नाही. म्हणून दोन प्रणाली बसविण्यापूर्वी दोन प्रती काढाव्यात. मग पेन ड्राइव्ह लावावा. एवढा क्रम सांभाळला, तर कपाटात पडून राहिलेला लॅपटॉप आणखी काही वर्षे गावाच्या आणि शाळेच्या उपयोगी पडेल.